लॅबव्ह्यूमधून प्रयोगशाळेतील उपकरणे चालवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या कामासाठी पहिल्यांदाच एखादे मापन संगणकावरून करू पाहणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे लॅबव्ह्यू या सॉफ्टवेअरला धरून आहेत आणि उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच घेतले आहे : वायबीसीओ या अतिवाहक पदार्थाचा रोध तापमानानुसार कसा बदलतो, हे फोर प्रोब पद्धतीने मोजणे. या प्रयोगात एक उपकरण नमुन्याच्या बाहेरच्या दोन तारांतून विद्युतप्रवाह सोडते, दुसरे आतल्या दोन तारांमधील व्होल्टेज मोजते आणि तिसरे, म्हणजे तापमान नियंत्रक, हीटर चालवून नमुन्याचे तापमान सांगते.

हाताने नोंदी घेता येत असताना संगणक मध्ये आणायचाच कशाला?

पुष्कळदा आणू नये. दहा-पंधरा बिंदूंचा आलेख एकदाच काढायचा असेल, तर वही आणि पेन घेऊन बसणे हाच जलद मार्ग असतो. प्रोग्रॅम लिहिण्यात आणि त्यातील चुका शोधण्यात आठवडा सहज जातो. वर सांगितलेल्या प्रयोगात मात्र हाताचे काम अपुरे पडते. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विन तापमानापासून खोलीच्या सुमारे ३०० केल्विनपर्यंत दर मिनिटाला एक केल्विन या गतीने जायचे म्हटले, तर पावणेचार तास लागतात. सुमारे ९० केल्विनजवळ रोध अवघ्या काही केल्विनमध्ये शून्यावर येतो, आणि नेमक्या त्या टप्प्यात दर काही सेकंदांनी नोंद हवी असते. शिवाय प्रत्येक नोंदीसाठी प्रवाहाची दिशा उलटवायची असते, आणि व्होल्टेज व तापमान शक्य तितके एकाच क्षणी वाचायचे असते. एक डोळा एका मीटरवर आणि दुसरा दुसऱ्यावर ठेवून हे चार तास करणारी माणसे पूर्वी होती, पण त्यांच्या वह्यांत तिसऱ्या तासानंतरचे बिंदू विरळ होत गेलेले दिसतात.

'ग्राफिकल' प्रोग्रॅम म्हणजे नेमके काय? चित्र काढून संगणक कसा चालतो?

लॅबव्ह्यूमधील प्रत्येक प्रोग्रॅमला दोन खिडक्या असतात. समोरची खिडकी म्हणजे फ्रंट पॅनल. तिच्यावर बटणे, आकडे भरायच्या चौकटी आणि आलेख असतात. मागची खिडकी म्हणजे ब्लॉक डायग्रॅम; तिच्यावर क्रिया दाखवणाऱ्या चौकटी मांडून त्या एकमेकींना वायरींनी जोडतात. वायरीच्या रंगावरून आत काय वाहते आहे ते कळते : दशांश संख्येची वायर नारिंगी, पूर्णांकाची निळी, होय-नाहीची हिरवी आणि अक्षरमजकुराची गुलाबी.

खरा फरक चित्राचा नसून क्रमाचा आहे. सी किंवा पायथनमध्ये ओळी वरून खाली चालतात. येथे एखादी चौकट तिच्याकडे येणाऱ्या सर्व वायरींवर माहिती पोहोचली की चालते. ज्या दोन चौकटी एकमेकींना जोडलेल्या नाहीत, त्यांच्यापैकी आधी कोणती चालेल हे कागदावर डावीकडे-उजवीकडे कोण आहे यावरून ठरत नाही. नवशिक्याच्या निम्म्या अडचणी या एका वाक्यात आहेत. 'प्रवाह सुरू कर' ही चौकट डावीकडे आणि 'व्होल्टेज वाच' ही उजवीकडे काढली, पण दोघींमध्ये वायर टाकली नाही, तर व्होल्टेज आधी वाचले जाऊ शकते, आणि वाईट म्हणजे दहापैकी नऊ वेळा सगळे बरोबर चालून दहाव्या वेळी बिघडू शकते.

हे सॉफ्टवेअर कोणाचे आहे?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन येथील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ते तयार केले. जेम्स ट्रुचर्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नॉवलिन यांनी १९७६ मध्ये ही कंपनी काढली, आणि कोडोस्की यांच्या कल्पनेतून आलेली लॅबव्ह्यूची पहिली आवृत्ती १९८६ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी निघाली. विंडोजवर ते १९९२ मध्ये आले. २०२३ मध्ये इमर्सन कंपनीने नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स विकत घेतली.

उपकरणाच्या मागे तीन-चार वेगवेगळे पोर्ट दिसतात. कोणता वापरावा?

मागच्या बाजूला २४ पिनांचा जाड, दोन स्क्रू असलेला कनेक्टर दिसला, तर तो जीपीआयबी आहे. ह्युलेट-पॅकार्डने स्वतःच्या उपकरणांसाठी काढलेली ही पद्धत १९७५ मध्ये आयट्रिपलई ४८८ या नावाने मानक झाली. तिची केबल महाग आहे, संगणकात वेगळे कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर लागतो, आणि तरीही जुन्या प्रयोगशाळांतील लोक ती सोडायला तयार नसतात, कारण ती मुकाट्याने वर्षानुवर्षे चालते. एका साखळीत संगणक धरून १५ उपकरणे जोडता येतात. केबलची एकूण लांबी उपकरणांच्या संख्येच्या दुप्पट मीटरपेक्षा जास्त नसावी आणि कोणत्याही परिस्थितीत २० मीटरच्या आत असावी. प्रत्येक उपकरणाला ० ते ३० मधील एक पत्ता असतो. कारखान्यातून निघताना कीथली २४०० या प्रवाह देणाऱ्या आणि व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणाचा पत्ता २४ असतो आणि लेक शोअरच्या तापमान नियंत्रकांचा १२. दोन सारखी उपकरणे आणली की दोघांचा पत्ता एकच येतो आणि दोघेही एकदम बोलू लागतात. त्यांपैकी एकाचा पत्ता त्याच्या मेनूत जाऊन बदलावा.

नवीन उपकरणांवर यूएसबी आणि लॅनचे पोर्ट असतात आणि साध्या कामासाठी ते पुरेसे आहेत. लॅनवर असलेल्या उपकरणाला पक्का आयपी पत्ता द्यावा, नाहीतर विद्यापीठाचे नेटवर्क एखाद्या सकाळी त्याला नवा पत्ता देते आणि प्रोग्रॅमला ते सापडत नाही. यूएसबीच्या बाबतीत विंडोज वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवते. रात्रभराच्या मापनाआधी ती सोय बंद करावी.

नऊ पिनांचा सिरियल पोर्ट हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हट्टी. त्यात दोन्ही बाजूंना बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट हे चारही आकडे तंतोतंत जुळावे लागतात. लॅबव्ह्यू गृहीत धरते ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही. लेक शोअर ३३५ हा नियंत्रक यूएसबीने जोडला, तरी आतून तो सिरियल पोर्टसारखाच वागतो आणि त्याला हवे असते ५७६०० बॉड, ७ बिट, विषम पॅरिटी. पडद्यावर चित्रविचित्र अक्षरे उमटली, की आधी हेच तपासावे.

व्हिसा, ड्रायव्हर आणि स्किपी हे तीन शब्द सतत ऐकू येतात. कोणता कशासाठी?

व्हिसा हा मधला थर आहे. केबल जीपीआयबीची असो, यूएसबीची असो वा लॅनची, 'लिही' आणि 'वाच' या दोन क्रिया प्रोग्रॅममध्ये सारख्याच राहाव्यात यासाठी तो असतो, आणि म्हणूनच केबल बदलली तर बहुधा फक्त पत्त्याची ओळ बदलावी लागते.

स्किपी ही आज्ञांची भाषा आहे. १९९० मध्ये ती मानक म्हणून आली, आणि तिच्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटरना 'व्होल्टेज मोज' हे जवळपास एकाच शब्दांत सांगता येऊ लागले. 'जवळपास' हा शब्द महत्त्वाचा आहे. तारांकनाने सुरू होणाऱ्या काही आज्ञा, उदाहरणार्थ ओळख विचारणारी '*आयडीएन?', बहुतेक सर्वांना समजतात. त्यापुढे मात्र प्रत्येक कंपनीचे आपले बोलणे असते, आणि काही नामांकित उपकरणे स्किपी बोलतच नाहीत.

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट मॉडेलसाठी कोणीतरी आधीच तयार करून ठेवलेल्या चौकटींचा संच. तो मिळाला तर जरूर घ्यावा, पण आंधळेपणाने वापरू नये. ड्रायव्हरमधील 'इनिशियलाइज' ही चौकट उपकरण रीसेट करते, आणि समोरच्या बटणांनी काळजीपूर्वक लावलेली प्रवाहाची मर्यादा त्या एका क्षणात पुसली जाते.

प्रोग्रॅम कोठून सुरू करावा?

प्रोग्रॅमपासून सुरू करू नये. आधी उपकरण हाताने चालवून पाहावे. जे माप समोरच्या बटणांनी नीट येत नाही, ते संगणकावरून येणार नाही. त्यानंतर व्हिसासोबत येणाऱ्या चाचणीच्या खिडकीतून '*आयडीएन?' पाठवावे. उत्तरात निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि आतील सॉफ्टवेअरची आवृत्ती अशा चार गोष्टी स्वल्पविरामांनी तोडून आल्या, की केबल, पत्ता आणि व्हिसा हे तिन्ही ठीक आहेत असे समजावे. मग मॅन्युअल उघडून मापनाला लागणाऱ्या आज्ञा त्याच खिडकीतून एकेक पाठवाव्यात आणि ज्या चालल्या त्या क्रमाने वहीत लिहाव्यात. ही यादी तयार झाल्यावर ब्लॉक डायग्रॅम काढणे हे जवळजवळ नक्कल करण्याचे काम उरते. माझ्या पाहण्यात जे प्रोग्रॅम महिनाभर रखडले, त्यांतील बहुतेक या पायरीला टाळून सुरू झालेले होते.

प्रत्येक वेळी 'टाइमआउट' ही चूक येते. उपकरण बिघडले आहे का?

क्वचितच. टाइमआउट म्हणजे संगणकाने उत्तराची वाट पाहिली आणि ठरलेल्या वेळेत ते आले नाही, एवढेच. व्हिसा सहसा २००० मिलिसेकंद थांबते. उत्तर न येण्याची कारणे मात्र अनेक असतात.

पहिले कारण, उपकरणाला प्रश्न कळलाच नाही. आज्ञेत एक अक्षर चुकले, तर ते उत्तर देत नाही, फक्त आपल्या त्रुटींच्या रांगेत नोंद करते. स्किपी उपकरणांत अनोळखी आज्ञेसाठी ही नोंद उणे ११३ अशी असते. म्हणून टाइमआउट आला, की पुढचा प्रश्न 'तुझी त्रुटी काय' हाच विचारावा. कीथली २४०० ला आउटपुट बंद असताना माप मागितले, तर ८०३ क्रमांकाची त्रुटी येते आणि तिचा मजकूरच सांगतो की आउटपुट बंद असताना हे चालणार नाही. ज्याने ही रांग वाचली नाही, तो केबल बदलत बसतो.

दुसरे कारण, आज्ञेच्या शेवटी ओळ संपल्याची खूण गेली नाही. सिरियल पोर्टवर हे फार होते. उपकरण आज्ञा पूर्ण होण्याची वाट पाहते, संगणक उत्तराची, आणि दोघेही सभ्यपणे गप्प बसतात.

तिसरे कारण, मापनालाच वेळ लागतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. प्रत्येक वाचन १० आवर्तनांचे ठेवले आणि २० वाचनांची सरासरी मागितली, तर केवळ मोजण्यातच चार सेकंद जातात, आणि दोन सेकंद थांबणारा संगणक त्याआधीच हार मानतो. मर्यादा वाढवावी, किंवा मोजणी हलकी करावी.

चौथे कारण उपकरणागणिक वेगळे असते आणि मॅन्युअलशिवाय सापडत नाही. एसआर८३० या लॉक-इन ॲम्प्लिफायरला (ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत मोजणारे उपकरण) उत्तर सिरियलवर द्यायचे की जीपीआयबीवर, हे वेगळ्या आज्ञेने सांगावे लागते. ती दिली नाही, तर तो आज्ञा पाळतो, पण उत्तर मात्र दुसऱ्याच पोर्टकडे पाठवतो.

टाइमआउट येत नाही, पण आकडे एक पाऊल मागे असल्यासारखे वाटतात. असे का?

बहुधा मागच्या उत्तराचा उरलेला भाग वाचला जातो आहे. कीथली २४०० एका मापाच्या उत्तरात मूळ मांडणीप्रमाणे पाच आकडे पाठवते : व्होल्टेज, प्रवाह, रोध, वेळ आणि स्थिती. वाचनाच्या चौकटीला वीसच अक्षरे वाचायला सांगितली, तर पहिला आकडा मिळतो आणि बाकीचे रांगेत राहतात. पुढच्या फेरीत तेच नवे माप म्हणून हाती येतात. अक्षरांची संख्या भरपूर मोठी द्यावी. ओळ संपल्याची खूण दिसली की वाचन आपोआप थांबते. आणि आलेखावर अचानक ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असा अजस्र आकडा उमटला, तर घाबरू नये : स्किपीमध्ये तो 'मर्यादेबाहेर' असे सांगण्याचा मार्ग आहे, आणि तो फाइलमध्ये जाण्याआधी गाळायला हवा.

व्होल्टेज फार नाचते. प्रोग्रॅममध्ये सरासरी घ्यावी का?

आधी कारण शोधावे. परदेशातून आलेल्या काही मीटरवर वीजवारंवारता ६० हर्ट्झ लावलेली असते. ती ५० केली की नाचणे एकदम कमी होते, कारण पूर्ण आवर्तनांवर मोजले तरच विजेच्या तारांचा गुंजारव गळून पडतो. वायबीसीओच्या प्रयोगात दुसरे कारण जोडांचे : तारेच्या दोन टोकांच्या तापमानांत फरक असला, की प्रवाह नसतानाही काही मायक्रोव्होल्ट दिसतात. प्रवाह एकदा सरळ आणि एकदा उलट सोडून दोन व्होल्टेजांच्या फरकाला दोनने भागावे. ते मायक्रोव्होल्ट दोन्ही वेळा सारखेच असल्याने वजा होऊन जातात. सरासरी हजार वेळा घेतली, तरी हा दोष जात नाही, तो फक्त अधिक नेटका दिसतो. प्रवाह उलटवल्यावर लगेच वाचू नये. किती थांबायचे ते एकदा हाताने पाहून ठरवावे.

ब्लॉक डायग्रॅमची जाळी झाली आहे. ती कशी सोडवावी?

तीन सवयी पुरतात. पुन्हा पुन्हा येणारे काम, जसे सरळ-उलट प्रवाहाचे एक पूर्ण वाचन, वेगळ्या छोट्या चौकटीत बांधावे. क्रमासाठी त्रुटीची वायर, म्हणजे आधीच्या चौकटीत चूक झाली का हे पुढे कळवणारी वायर, एका चौकटीतून दुसरीत ओवत न्यावी. तीच क्रम ठरवते आणि चूक कोठे झाली तेही सांगते. आणि लोकल व्हेरिएबल (वायरीशिवाय लिहिता-वाचता येणारी किंमत) वापरून वायर वाचवण्याचा मोह टाळावा, कारण ते कधी लिहिले आणि कधी वाचले गेले याची खात्री राहत नाही. याशिवाय प्रत्येक लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, थोडी वाट पाहणारी चौकट टाकावी. ती नसली, तर लूप संगणकाच्या प्रोसेसरचा एक पूर्ण गाभा (कोअर) विनाकारण खात राहतो.

लाल बटण दाबून प्रोग्रॅम थांबवला तर चालते ना?

चालत नाही. पट्टीवरचे ते अष्टकोनी लाल बटण प्रोग्रॅम जागच्या जागी तोडते. त्यानंतर उपकरणाला कोणतीही आज्ञा जात नाही, आणि हीटर, प्रवाह, चुंबक ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत राहतात. उपकरणाला संगणक गेल्याचे कळत नाही. एकदा रात्री घाईत मी असाच प्रोग्रॅम तोडून निघालो. त्याच रात्री नमुन्याजवळच्या सेन्सरची तार सैल झाली, नियंत्रकाला नमुना थंडच आहे असे वाटत राहिले आणि तो हीटर वाढवत गेला. सकाळी नमुन्यावरचे इंडियमचे जोड वितळून ओघळले होते. इंडियम सुमारे १५७ अंश सेल्सिअसला वितळते.

म्हणून फ्रंट पॅनलवर स्वतःचे 'थांबवा' बटण ठेवावे, ते लूपला जोडावे, आणि लूप संपल्यावर हीटर शून्य, प्रवाह शून्य, आउटपुट बंद या आज्ञा पाठवाव्यात. येथे एक बारीक सापळा आहे, आणि अनुभवी लोकही त्यात सापडतात. व्हिसाची 'लिही' ही चौकट तिच्याकडे त्रुटीच्या वायरीवरून चूक आली, तर काहीच न करता ती चूक पुढे ढकलते. लूपमध्ये चूक झाली, ती वायर सरळ 'आउटपुट बंद कर' या चौकटीला जोडलेली आहे, आणि जेव्हा आउटपुट बंद होण्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तेव्हाच ती आज्ञा जात नाही. बंद करण्याच्या आज्ञांना कोरी त्रुटीची वायर द्यावी, क्रम पत्त्याच्या वायरीने राखावा, आणि लूपमधली चूक शेवटी वेगळी जोडून दाखवावी. ही काळजी घेऊनही वीज जाते, विंडोज मध्यरात्री अद्ययावत होऊन पुन्हा सुरू होते. तेव्हा तापमानाची आणि प्रवाहाची कमाल मर्यादा उपकरणातच लावावी, आणि भट्टी असेल तर संगणकाशी संबंध नसलेला स्वतंत्र कट-ऑफ बसवावा.

माहिती फाइलमध्ये केव्हा लिहावी?

प्रत्येक नोंद झाल्याबरोबर, एकेक ओळ. सगळे आकडे साठवून शेवटी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचे चार तास एका वीजकपातीत जातात. फाइलच्या वरच्या ओळींत नमुन्याचे नाव, प्रवाह, तापमान वाढीचा वेग, उपकरणांनी दिलेली ओळख आणि प्रत्येक स्तंभाचे एकक असावे. तापमान वाढताना आणि उतरताना घेतलेल्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. दोन्ही आलेख एकमेकांवर बसत नसतील, तर सेन्सर आणि नमुना यांच्यात तापमानाचा फरक पडतो आहे आणि वेग कमी करायला हवा.

एक मिलिसेकंद अचूकतेने वेळ पाळता येईल का?

विंडोजवर नाही. लूपमधील वाट पाहणारी चौकट कधी एखादा, कधी बरेच मिलिसेकंद उशीर करते. वेळेची अचूकता हवी असेल, तर डेटा ॲक्विझिशन कार्डाच्या, म्हणजे संगणकाला जोडलेल्या मोजणी करणाऱ्या कार्डाच्या, स्वतःच्या घड्याळावर मोजणी सोपवावी. संथ तापमानाच्या प्रयोगाला याची गरज नाही.

हे विकत घ्यावेच लागते का? पायथन चालणार नाही का?

२०२० पासून लॅबव्ह्यूची एक मोफत कम्युनिटी आवृत्ती मिळते, पण ती वैयक्तिक, अव्यावसायिक वापरासाठी आहे. विद्यापीठातील अध्यापन आणि संशोधन तिच्या अटींत बसत नाही. त्यासाठी विभागाकडे परवाना आहे का ते विचारावे. पायथन उत्तम चालतो. पायव्हिसा हा संच तेच व्हिसा वापरतो आणि वहीत लिहून ठेवलेली आज्ञांची यादी जशीच्या तशी कामी येते. ज्याला पायथन आधीच येते, त्याने केवळ रिवाज म्हणून लॅबव्ह्यू शिकण्याची गरज मला वाटत नाही. आलेख आणि बटणे लवकर हवी असतील, आणि प्रयोगशाळेतील जुने प्रोग्रॅम त्यातच असतील, तर मात्र लॅबव्ह्यू सोयीचे. सरावासाठी अर्डुइनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरेसा आहे. फक्त पोर्ट उघडला की अर्डुइनो उनो स्वतःला रीसेट करतो, त्यामुळे पहिली आज्ञा पाठवण्याआधी दोन सेकंद थांबावे.

आधीच्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाही. काय करावे?

नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ती नव्या आवृत्तीतून 'मागील आवृत्तीसाठी साठवा' असे करून आणावी लागते. उलट बाजूने सहसा अडचण येत नाही, पण ३२ बिटचे लॅबव्ह्यू आणि ६४ बिटचा ड्रायव्हर एकमेकांशी बोलत नाहीत. हे सर्व ठीक असूनही चालले नाही, तर प्रोग्रॅममध्ये पक्के लिहून ठेवलेले पत्ते शोधावेत. ते आधीच्या टेबलावरच्या उपकरणांचे असतात, आणि ती उपकरणे एव्हाना दुसऱ्या खोलीत गेलेली असतात.